सूपवालीची पाठवणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लुगड्याची घडी.

संध्याकाळची वेळ. तिनं दोरीवरून लुगडं काढलं, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि मागे मागे सरकत फाटकापर्यंत गेली. नऊवारी लुगड्याची घडी एकट्याच्यानं नीट पडत नाही, म्हणून या कामाला मी लागायचो. बाकीच्या कामात मी नुसता अडथळा, असं तिचं म्हणणं.

"ताणा की जरा."

मी ताणलं.

"एवढं नाय. फाडायचंय का?"

मी सैल सोडलं.

"आता लोळतंय खाली. काय माणूस हाय."

मग ती चालत माझ्याकडे आली, माझ्या हातातली टोकं काढून घेतली आणि घडीवरून तळहात फिरवला. इस्त्री तिनं जन्मात वापरली नाही. तळहात फिरवायचा, घडी गादीखाली सारायची, सकाळी लुगडं कडक.

"उद्या हेच नेसते," ती म्हणाली. "क्रेनवाले येतील. पोरीला लावून द्यायची तर जुनेरं नेसून उभी राहू का?"

पोरगी म्हणजे आमच्या पोटची नव्हे. आम्हाला दोन मुलगेच. एक पुण्याला, एक सुरतेला. ती पोरगी म्हणायची ते आमच्या चौकातल्या पुतळ्याला. लोखंडाची बाई आहे. हातात सूप, सुपात उन्हावर वीज करणारी काच, सुपाखाली कोंडा उडावा तशी पत्र्याची पाती, ती वाऱ्यावर फिरतात. त्या दोन्हींच्या विजेवर संध्याकाळी तिच्या अंगातून उजेड पडायचा. सिंहस्थाच्या आधी रस्ता रुंद करायचा म्हणून तिला तिथून हलवणार होते. आणि ओटी भरल्याशिवाय तिला उचलायचं नाही, असं माझ्या बायकोनं रस्त्याच्या कामावरच्या साहेबाकडून कबूल करून घेतलं होतं.

ती ओटी भरायला ती राहिली नाही. रात्री जेवली, झोपली, सकाळी उठली नाही. लोक म्हणतात, चांगलं मरण आलं. मरण चांगलं असेल. मागं राहणाऱ्याचं काय चांगलं असतं ते मला कुणी सांगितलं नाही.

तिचं नाव यमुना. हे नाव रेशनकार्डावर. माझ्या गावी, सिन्नरकडे, तिला सगळे घोटीवाली म्हणायचे, कारण माहेर घोटीचं. सातपूरला कॉलनीत राहायला आलो तेव्हा इथं तिला सूपवाली हे नाव पडलं. मी नावानं कधी हाक मारली नाही. मी 'अगं' म्हणायचो, ती 'काय' म्हणायची. तेवढ्यावर संसार झाला.

मी कारखान्यात भट्टीवर होतो. ती लोकांचं धान्य पाखडून, निवडून द्यायची. तेव्हा कॉलनीत सगळ्यांकडे गावाकडून गहू-तांदूळ यायचे. बायका पोती आमच्या ओट्यावर आणून टाकायच्या. ती पाय पसरून बसायची, मांडीवर फडकं, हातात सूप. सूप घोटीच्या बाजारातलंच लागायचं, इथलं नाही. नवं आणलं की कागदाचा लगदा आणि मेथी कुटून ते सारवायची, उन्हात वाळवायची, आणि वाळेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. पाखडण्याचा आवाज फटक फटक असा एका तालात यायचा. मी रात्रपाळी करून आलो की त्या आवाजात झोपायचो. आवाज थांबला की मला जाग यायची.

बोलणंही तिचं पाखडण्याचंच. कुणी फुशारकी मारायला लागलं की म्हणायची, "आधी पाखडा, मग बोला." थोरल्याच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलीचे मामा आले होते. गृहस्थ एक बागायत, दोन ट्रॅक्टर, साहेबांशी ओळखी, असं एका दमात सांगत होते. ही चहा घेऊन आली, कप त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "पाहुणे, जरा हळू. कोंडा माझ्या डोळ्यात जातोय." मला वाटलं मोडलं लग्न. मामा एवढे हसले की कप सांडला. अजून कधी भेटले की तेच सांगतात.

भात हा तिचा धर्म होता. मी बाजरीचा माणूस. मी भाकरी खाऊन हात धुतले तरी ती विचारायची, "जेवले का?" भात खाल्ल्याशिवाय जेवण झालं हे तिला पटायचंच नाही. तिच्या गालात कच्च्या तांदळाची चिमूट असायची. लोक सुपारी चघळतात तशी ती तांदूळ चघळायची. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, म्हणून तांदूळ खावासा वाटतो, हे बंद करा. ही म्हणाली, "मी लहानपणापास्नं खाते, तवा तर रक्त लय होतं." गोळ्या घेतल्या आणि तांदूळही चालू ठेवले.

मग लोकांनी पिठाच्या पिशव्या आणायला सुरुवात केली. तयार पीठ, तयार डाळ, निवडलेले तांदूळ. आधी सुना आणायला लागल्या, मग सासवाही. ओट्यावर पोती यायची बंद झाली. सूप खिळ्याला गेलं. मी निवृत्त झालो, मुलं गेली. घरात दोघंच आणि दोघांना मिळून एका दिवसात बोलण्यासारखं फारसं नसतं. ती ओट्यावर बसायची. जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायची, "कुठं निघाले?" लोक चालता चालता उत्तर द्यायचे. थांबायचं कुणी नाही. एकदा मला म्हणाली, "आधी पोतं ठेवायला तरी थांबायचे."

बोलायला एक साळवेबाई होत्या, पलीकडच्या ओळीतल्या. बालवाडीत सेविका होत्या, नवरा लवकर गेला. बौद्ध, त्यामुळे हिचे उपास-तापास, देव-देवस्की त्यांना मुळीच चालायची नाही. रोज संध्याकाळी यायच्या, रोज त्यावरून भांडायच्या आणि रोज चहा घ्यायच्या.

अशात चौकात पुतळा आला. एका कंपनीनं खर्च केला होता, आणि बनवणारी अदिती नावाची मुलगी होती. चित्रकलेचं मोठं शिक्षण झालेली, केस पोरासारखे कापलेले, हातात वेल्डिंगचे चटके. ते चटके बघून माझं तिच्याबद्दल मत चांगलं झालं. पहिल्या दिवशी झाकलेलं कापड काढलं तेव्हा सगळी कॉलनी हसली. कुणीतरी ओरडलं, "सूपवाली, तुझाच पुतळा बसवला की."

ही पुढं गेली. पुतळ्याभोवती एक फेरी मारली. मान हलवली आणि अदितीला म्हणाली, "चुकलं गं बाई."

"काय चुकलं आजी?"

"उभी भलतीकडं राहिलीय. वारा येतो त्र्यंबककडनं. उपणणारीनं वाऱ्याकडं पाठ करायची असती. आसं उभं राहिलं तर सगळा कोंडा नाकातोंडात."

अदितीनं समजावून सांगितलं. सूप दक्षिणेकडे वळवलंय ते उन्हासाठी, दिवसभर ऊन तिकडूनच मिळतं. खालची पाती कुठूनही वारा आला तरी फिरतात. त्यांना पाठ, तोंड असं काही नाही. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि पाती फिरलीही. म्हणजे ही साफ खोटी पडली. पण हार मानली असती तर ती घोटीची कसली. जरा वेळ बघत राहिली.

"म्हंजे ऊन बी हीच घेती आन वारा बी हीच?"

"हो."

"आन उजेड दुसऱ्याला?"

"हो आजी."

"मग बाईच हाय," ती म्हणाली आणि घरी आली. पण वाऱ्याचं तिनं सोडलं नाही. शेवटपर्यंत पुतळ्यासमोरून जाताना म्हणायची, "उभी बघ कशी राहिलीय. कुणी शिकवलं नाय हिला."

त्या दिवसापासून कॉलनीत दोन सूपवाल्या झाल्या. एक जुनी, एक नवी.

नवरात्रात गंमत झाली. बायकोनं पहिल्या माळेला पुतळ्याच्या कपाळाला कुंकू लावलं. साळवेबाई पुतळ्याखालच्या कट्ट्यावर बसल्या होत्या.

"लोखंडाला कुंकू लावतेस?"

"तुमी सावलीत बसलात ना तिच्या? बसा. मी कुंकू लावते."

"उद्या विजेच्या डीपीलाही लावशील."

"डीपीनं माझ्याकडं कधी बघितलं नाय," ही म्हणाली.

कुंकवावर थांबली असती तर ठीक. पण बाईला सवाष्ण म्हणायचं तर ओटी पाहिजे. आणि ओटी कुठं भरायची? सूप समोरच धरलेलं. कट्ट्यावर चढलं की डोक्याच्या उंचीला येतं. हिनं हात वर करून सुपात तांदूळ टाकले, खण ठेवला, नारळ ठेवला. तिचं बघून दुसरी आली, तिसरी आली. आठवडाभरात सूप असं भरलं की गावच्या देवीलाही एवढी ओटी कधी मिळाली नसेल. आणि पुतळ्याचा उजेड गेला.

बायकांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे विटाळ झाला, कुणी म्हणे देवी कोपली. ही घरात अस्वस्थ. मला विचारलं, "काय चुकलं असंल वो?" मी म्हटलं, वायर गेली असेल. मलाही कळलं नव्हतं. वारा त्या दिवसांत पडलेला होता आणि उन्हाच्या काचेवर खण, नारळ आणि कुंकवाचा थर. वीज कशी होणार?

अदिती आली, कट्ट्यावर चढली आणि तिनं सुपात बघितलं. मला वाटलं आता ही पोरगी चिडणार. ती तिथंच खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"आजी, ही ऊन खाते. तुम्ही तिचं तोंड बांधलं."

बायको म्हणाली, "म्हंजे नवरात्राचे नऊ दिवस पोर उपाशी ठेवली मी?"

"होय."

"आगं मग आधी सांगायचं ना, काय खाती ते."

बघा, तिथं पहिल्यांदा तोंडून पोर निघालं. तोवर देवी होती. साळवेबाईंनी लगेच पकडलं, "आता देव नाही का ती?" ही म्हणाली, "देव उपाशी राहिला तर राहतो. पोर राहत नाय." आणि तांब्याभर पाणी आणून, पदरानं काच पुसली. पदर कुंकवानं लाल झाला तो पुढं धुऊनही गेला नाही.

तेव्हापासून रोज सकाळी काच पुसणं हे तिचं काम. धूळ, कबुतरांची घाण, सगळं. आणि कुणी बाई नारळ घेऊन कट्ट्यावर चढली की हिचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. "पायाशी ठेव, पायाशी. तिच्या ताटात हात घालू नको."

एका वर्षी वळवाचा पाऊस झाला, झाडं पडली, तारा तुटल्या. कॉलनीत दोन दिवस लाइट नव्हती. पुतळ्याचा उजेड मात्र चालू. कट्ट्याला मोबाईल चार्ज करायची सोय होती, ती तोवर पोरंटोरं सोडून कुणी वापरत नसे. त्या संध्याकाळी सगळी कॉलनी तिथं. ही कट्ट्यावर बसली आणि चक्कीवर नंबर लावतात तसे नंबर लावले. "तुझा झाला, काढ. आता हिचा. आन तुमचा दुसरा फोन कशाला, एकानं बोलता येत नाय का?" आमच्या समोरच्या बिल्डिंगीत राहणारे एक बँकेतले साहेब कधी कुणाशी बोलत नसत. ते फोन चार्ज होईपर्यंत हिच्या शेजारी बसले आणि हिनं त्यांच्याकडून त्यांच्या आईचं सगळं आजारपण काढून घेतलं. घरी आली तेव्हा आवाज बसला होता. भात दोनदा घेतला.

"आज लय बोलले," म्हणाली.

लाइट आली तशी माणसं आपापल्या घरात गेली. ही दुसऱ्या दिवशीही संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन बसली. बराच वेळ बसली. मग एकटीच परत आली.

मग रस्त्याची बातमी आली. जाधव नावाचे साहेब आले, रस्त्याच्या कामावरचे. तरुण होते, बोलायला चांगले. चौक मोठा होणार, पुतळा गंगापूर धरणाच्या वाटेवर एक मोकळी टेकडी आहे, तिथं बाग करतायत, तिकडं नेणार. मोडणार नाही, फेकणार नाही. आता यात वाईट काय? मी हिला तेच म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून साहेबाची माणसं मापं घ्यायला आली की ही कट्ट्यावर जाऊन बसायची. माप घेणारा म्हणायचा, "आजी, जरा उठा." ही म्हणायची, "मला धरून माप घे."

साळवेबाई तिला सोबत म्हणून शेजारी बसायच्या. मी घरीच. मला असल्या गोष्टीत लाज वाटते.

शेवटी साहेब घरी आले. ओट्यावर बसले, चहा घेतला.

"आजी, तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

"तुमचं काय म्हणणं हाय ते पाखडून सांगा."

साहेबांनी सांगितलं. इथं चारी बाजूंनी बिल्डिंगी झाल्या. वारा येत नाही. पाती महिनोन्महिने फिरत नाहीत. वरच्या काचेवर दुपारनंतर सावली पडते. अर्धाच उजेड राहिला आहे. टेकडीवर वारा आहे, ऊन आहे. खोटं नव्हतं. आम्ही रोज बघत होतो.

ही म्हणाली, "जागा दाखवा."

"कुठली?"

"जिथं देणार तिथली. न बघता कुणी देतं का?"

साहेबानं दुसऱ्या दिवशी गाडी आणली. आम्ही तिघं गेलो, ही, साळवेबाई आणि मी. लोक सोयरीक करायला मुलाचं घर बघायला जातात, तशी ही सगळीकडं फिरली. पाणी कुठून, वाट कुठून, आजूबाजूला वस्ती कोणाची. राखणदाराच्या बायकोला विचारलं, काच पुसशील का रोज? ती हो म्हणाली, तर विचारलं, कशानं पुसशील? मग टेकडीच्या माथ्यावर गेली, मूठभर माती उचलली, हात डोक्याच्या वर नेला आणि हळूहळू सोडली. माती लांब उडत गेली. तिनं परत मूठ भरली, परत सोडली. लुगड्याचा ओचा वाऱ्यानं फडफडत होता. तिथं उभी होती तेव्हा साळवेबाई मला हळूच म्हणाल्या, "बघा, ही आणि चौकातली, दोघी सारख्याच दिसतात." मी बघितलं. खरंच.

परत सातपूर आल्यावर ही म्हणाली, "वारा हाय तिथं. द्यायला हरकत नाय."

मग अट घातली. साहेबाला म्हणाली, "लेक रिकाम्या ओटीनं जात नाय. मी ओटी भरीन, मग उचला. त्याच्या आधी हात लावला तर मी चाकाखाली झोपंन." साहेब म्हणाले, कबूल. दिवस ठरला. त्यांच्या माणसांनी आदल्या दिवशी सुपातली काच तेवढी काढून, पोत्यात गुंडाळून नेली, वाटेत फुटू नये म्हणून. ही उभी राहून बघत होती. "दागिने आधी काढून नेतात का कधी?" म्हणाली, पण अडवलं नाही.

त्या दुपारी मी तिला विचारलं, "उद्यापासून सकाळी कुठं जाशील?"

ती घोटीहून भावानं पाठवलेले तांदूळ निवडत होती. ओटीसाठी. खिळ्यावरचं सूप काढलं होतं.

"कुठं जाणार," ती म्हणाली. "घरीच."

सूप दोनदा फटक फटक केलं. मग म्हणाली, "वारा नव्हता वो इथं तिला. किती दिवस ठेवायची?"

संध्याकाळी लुगड्याची घडी घातली ते वर सांगितलंच.

सकाळी मी उठलो तेव्हा उजाडलं होतं. हीच मला कधी एवढं झोपू देत नसे. मी 'अगं' म्हटलं. परत म्हटलं. मग हात लावला.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले, बघून गेले. शेजारच्यांनी पोरांना फोन केले. पुण्याचा निघाला, तो येईपर्यंत थांबायचं ठरलं. बायका आल्या. मला म्हणाल्या, "बाबा, तुम्ही बाहेर बसा." मी ओट्यावर बसलो. आत त्यांनी तिला अंघोळ घातली, घडी मोडून ते लुगडं नेसवलं, मळवट भरला. सवाष्ण गेली की तिची ओटी भरतात. घरात ओटीचं सगळं काढून ठेवलेलं होतंच. तांदूळ, खण, नारळ, हळकुंड. बायकांना काय माहीत ते कुणासाठी होतं. तिनं निवडलेली ओटी त्यांनी तिलाच भरली.

मला ते नंतर साळवेबाईंनी बाहेर येऊन सांगितलं. त्या आतल्या कामात नव्हत्या. एक तर विधवा, त्यात त्यांना ते पटत नाही. त्या माझ्या शेजारी ओट्यावर बसल्या.

चौकात क्रेन आली. घरांच्या वर तिचा पिवळा दांडा दिसत होता. थोड्या वेळानं जाधव साहेब फाटकात आले. चपला बाहेर काढल्या. हात जोडले.

"काका, आज राहू द्या. आम्ही नंतर येऊ. चार दिवसांनी, आठ दिवसांनी."

मी म्हटलं, "नाही. तिनं आजचा दिवस दिलाय. थांबा जरा."

आत जायची मला परवानगी नव्हती. मी साळवेबाईंना म्हटलं, स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं जा आणि डब्यातले तांदूळ आणा. त्यांनी आणले. रेशनचे होते. ताटात ओतले तर खडे दिसले. असेच नेले असते तर तिनं मला काय म्हटलं असतं ते मला ऐकू येत होतं. म्हणून आम्ही दोघं तिथं ओट्यावर बसून ते निवडायला लागलो. मला ते काम येत नाही. माझ्या हाताला भट्टीचे घट्टे, खडा चिमटीत येत नाही. साळवेबाईंनी चष्मा आणला नव्हता. मी खडा दाखवायचो, त्या उचलायच्या. लोक येत होते, आमच्याकडं बघत होते. म्हातारा फिरला असं वाटलं असेल. साहेब फाटकाशी उभे होते. क्रेनवाला, त्याची माणसं, सगळे थांबले.

झाल्यावर आम्ही चौकात गेलो. ताट मी धरलं होतं. पुतळ्याचे पायाचे बोल्ट सोडलेले, कमरेला पट्टे बांधलेले. आमच्या ओळीतले एक शहाणे पुढं आले, म्हणाले, "काका, तुम्हाला सुतक आहे. आज तुम्ही हात लावू नये. आणि ओटी पुरुषानं भरत नाहीत."

मी पुतळ्याकडं बघून म्हटलं, "सुतक तिलाही आहे."

ते बाजूला झाले.

साळवेबाई म्हणाल्या, "मला यातलं काही पटत नाही, आणि काही येतही नाही. पण चला." त्यांनी माझा दंड धरला, मी कट्ट्यावर चढलो. काच काढलेली होती, त्यामुळं आता सुपात टाकायला हरकत नव्हती. ओंजळ भरली आणि सुपात ओतली. पण काचेच्या जागी खाली काहीच नव्हतं, नुसती चौकट. तांदूळ तिच्यातून खाली पडायला लागले. वारा थोडा होता. काही पायाशी पडले, काही माझ्या अंगावर, डोळ्यात कणी गेली. मी दुसरी ओंजळ ओतली. तिसरी ओतली. बायका किती वेळा घालतात ते मला माहीत नाही. खाली साळवेबाई उभ्या होत्या, त्यांनाही माहीत नव्हतं.

ताट रिकामं झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "पुरे आता."

मी खाली उतरलो, क्रेनवाल्याला म्हटलं, "ने. सावकाश ने." आणि घरी जाऊन ओट्यावर बसलो. मला अजून आत बोलावलं नव्हतं.